मुतारीचं पांढरं खत

पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांच्या मुतारीचं सांडपाणी टाकीत साठवू लागलो. त्यात मिठागरात मीठ काढून उरलेलं कडू पाणी घातलं की तळाशी पांढरी भुकटी बसते. फडक्यातून गाळून वाळवली की फॉस्फरसचं खत तयार. वास नाही, आणि ते विरघळतंही सावकाश. आमच्या पावसात हा मोठा गुण. नाहीतर बाजारातलं खत भाताला लागण्याआधी सावित्री नदीला जाऊन मिळतं.

खत झालं, पण ते घालायला शेत हवं. ते कशेडी घाटाच्या पायथ्याला, थोरल्या भावाच्या ताब्यात. त्याने एक खाचर द्यावं, एवढंच माझं मागणं होतं.

"मुतारीचं खत? नि त्या भाताचा निवद देवाला दाखवू?"

"दादा, गोमूत्र चालतं ना?"

"गाय देव हाय. तुझी पोरं बी हायत का?"

त्या पोरांच्या उत्तरपत्रिका मीच तपासत होतो.

पुढे शाळेने खताचं उद्घाटन ठरवलं. मांडव, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे. दादाही मुद्दाम आला. मुख्याध्यापिकाबाईंनी भुकटी चांदीच्या वाटीत भरून पूजेच्या तबकात ठेवली. आता तबकात, कुंकवाशेजारी पांढरी भुकटी म्हणजे आमच्याकडे कुणालाही अंगाराच वाटणार. पाहुण्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि चिमूटभर खत कपाळाला ओढलं. मागोमाग मंचावरच्या सर्वांनी. मी सांगायला उठलो, तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. पाहुणे मग अर्धा तास शुद्ध आचरणावर बोलले.

परतताना दादा मोटरसायकलवर मागे बसून हसत होता. घाटाखाली आल्यावर म्हणाला, "गुरुजी, सायबांच्या कपाळाला चाललं, मग माझ्या खाचराला काय झालंय? वढ्याजवळचं घे."

लावणीआधी त्या चिखलात खत आम्ही दोघांनी मिळून फेकलं. त्याने हात मात्र दोनदा धुतले.

दसऱ्याला आमच्याकडे दारावर नवं बांधतात, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंडाळून. त्या सकाळी दादा विळा घेऊन निघाला. घराजवळची तीन खाचरं ओलांडून तो थेट ओढ्याकडे गेला. येताना हातात जुडी होती. आधी देवापुढे ठेवली, मग चौकटीला बांधली.

"जड हायत," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

उद्घाटनात मला मिळालेली शाल कुठे गेली, कोण जाणे. त्या लोंब्यांकडे मात्र मी वर्षभर येता-जाता बघत होतो.