धक्क्यावरच्या बँकेतलं खातं

बेबीताई बेटावर आली ती दोन ट्रंका घेऊन. एक तिची, एक नवऱ्याची. धक्क्यावर उतरल्यावर हमालाने विचारलं, "साहेब मागच्या बोटीने येतायत का?" आणि ती सरळ "हो" म्हणून मोकळी झाली. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं हो, तोंडातून निघून गेलं. पन्नाशी उलटली तरी अजून बेबीच राहिलेली ही बाई एरवी भलतीच खमकी. आधीच्या बेकरीत पीठ मळणारे दांडगे पुरुष तिच्यापुढे चळाचळा कापायचे. पण एवढ्या एका प्रश्नाला मात्र तिचा पाय नेहमी घसरायचा.

तिचा नवरा एका संध्याकाळी फ्यूजची तार आणायला म्हणून जिना उतरला, तो परत आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, चिठ्ठी नाही की चपाटी नाही. घरात अंधार, आणि ही मेणबत्ती धरून दारात उभी. जिना चढताना शिट्टी वाजवायची त्याची सवय होती. शिट्टी पहिल्या पायरीवर सुरू व्हायची आणि दाराशी येऊन थांबायची. आख्खी आळी त्याला 'शिट्टीवाले' म्हणायची. तो गेल्यावर खाली कोणीही शिट्टी मारली, की बेबीताईच्या काळजाचा ठोका चुकायचा. हातातलं टाकून ती जिन्यापाशी धावायची. एकदा तर उकळतं दूध पायावर घेऊन धावली.

शेवटी लेकीने वकील गाठला, कोर्टाचे उंबरे झिजवले आणि कागद आणला. माणूस इतकी वर्षं सापडत नाही, तेव्हा तो गेला असं समजावं, असा. "समजावं म्हणजे काय? कोर्टाचं काय जातंय समजायला!" बेबीताई कडाडली. पण कागद तिने फाडला नाही. ट्रंकेत साड्यांच्या खाली घातला. बेटावरच्या बेकरीत नोकरी मिळाली तेव्हा लेक म्हणाली, "आई, नव्या गावात खातं एकटीच्या नावाने काढ. तो कागद दाखवून जुनं जॉइंट खातं बंद कर. आणि सुट एकदाची!" बरं म्हणाली बेबीताई. तिलाही सुटायचंच होतं. पण निघताना त्याची ट्रंक मागे ठेववली नाही.

बेकरीच्या मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पगार बँकेत जमा होतो. तेवढं खातं काढून टाका." बेटावर बँका दोनच. एक धक्क्यावरची, कौलारू, जुनाट. दुसरी टेकडीवरची, काचेचा दरवाजा, आत गारेगार. मालक म्हणाले, टेकडीवरची घ्या. घरमालकीण म्हणाली, टेकडीवरची. औषधाच्या दुकानदाराने तर पिशवी बांधता बांधता न विचारताच सांगितलं, "नव्या माणसाने टेकडीवरच जावं." आणि तुमचं खातं कुठे हो, असं विचारलं की सगळ्यांचं धक्क्यावर! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बेबीताईला अशा गोष्टींचा भारी संशय. टेकडी चढायची सोडून ती गेली धक्क्यावर. नुसती बघायला.

आत लाकडी बाकं, वर कुरकुरणारा पंखा, आणि जाळीमागे म्हातारा कॅशियर. त्याचा आवाज असा, की बाहेरच्या होड्यांनाही ऐकू जावा. बेटावर सगळ्यांची आडनावं तीच तीच, म्हणून तो टोपणनावानेच पुकारायचा.

"लंबू!"

"आहे," असं म्हणून उठली एक बुटकी म्हातारी.

बेबीताईला हसू फुटलं. तेवढ्यात कॅशियर गरजला, "मिशीवाले!" आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी उठली. "आहेत," ती खाली बघत म्हणाली. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. बेबीताईचंही हसू मग जागच्या जागी विरलं.

बुटकी म्हातारी तिच्या शेजारी येऊन टेकली. मासळीची जाळी विणून विणून तिची बोटं वाकडी झाली होती. बेबीताईने हळूच विचारलं, "आजी, लंबू कोण?"

"माझा मुलगा. होडी घेऊन गेला, आला नाही. त्या पोरीचा आजोबा त्याच होडीत होता."

"मग तुम्ही 'आहे' कसं म्हणता?"

"खात्यात हालचाल थांबली की खातं झोपतं, बाई. झोपलं की बँक विचारते, माणूस कुठाय? म्हणून आम्ही येतो, चार पैसे टाकतो. खात्यावर जितकी नावं तितकी हा पुकारतो, आणि आम्ही होकार देतो. तू नवीन ना? तू आपली टेकडीवर जा."

"का?"

"इथे सवय लागते," म्हातारी म्हणाली आणि पदर झटकून उठली.

शहाणी बाई तिथूनच टेकडीवर गेली असती. बेबीताई घरी गेली, साड्यांखालच्या कागदाला हातही न लावता बाकीचे कागद घेऊन आली आणि खातं काढलं. दोघांच्या नावाने! कारकुनाने विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" ती म्हणाली, "बाहेरगावी. सहीला येतील." कारकुनाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्या बँकेत ते कोणी विचारत नसे. दोघांची टोपणनावं मात्र त्याने विचारून लिहून घेतली.

पहिल्यांदा जाळीमागून हाक आली, "बेबीताई!" ती म्हणाली, "आहे." मग हाक आली, "शिट्टीवाले!" किती वर्षांत त्याला कोणी हाकच मारली नव्हती! लोक 'तुमचे ते' म्हणायचे, 'बिचारे' म्हणायचे, कोर्ट तर काय काय म्हणालं. इथे साधी हाक, माणूस शेजारच्या खोलीत असल्यासारखी. "आहेत," ती म्हणाली. जिवात जीव आला तिच्या. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

आणि मग सवय लागली. आधी दर शुक्रवारी बँक, मग ज्या दिवशी सुट्टी त्या दिवशी बँक. घरी दोन ताटं मांडली जाऊ लागली. त्याच्या ट्रंकेतला शर्ट इस्त्री होऊन खुंटीवर आला. औषधाच्या दुकानातून तिने दाढीची पाती आणली. दुकानदाराने मुकाट्याने दिली, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही. एका संध्याकाळी जिन्यावर शिट्टी वाजली. खालून सुरू झाली आणि दाराशी थांबली. पूर्वीची बेबीताई धावत सुटली असती. ही जागची हलली नाही. "दार उघडंच आहे," ती कणीक मळता मळता म्हणाली. दार खरोखरच उघडं होतं. तिने कडी लावणं केव्हाच सोडलं होतं.

फोनवर ती "आम्ही" म्हणायला लागली. आम्ही जेवलो, आम्ही जरा पडलो होतो. लेकीने थोडे दिवस ऐकलं आणि मिळेल त्या बोटीने येऊन थडकली.

दारात पाऊल टाकलं आणि तिने ताटं पाहिली, शर्ट पाहिला, आरशापुढची पाती पाहिली.

"आई, इथे कोण राहतं?"

"तुला दिसतंय की. मी राहते."

"आणि?"

"आणि काय आणि! आल्या आल्या उलटतपासणी कसली? हातपाय धू आधी."

लेक रडली, चिडली, पुन्हा रडली. "बाबा मलाही हवे होते गं," ती म्हणाली. "पण ते गेले तेव्हा निदान तू होतीस. आता तुझ्याशी बोलायला फोन करते, तर तूही नसतेस." बेबीताईला राग आला. मी नाही म्हणजे? ही काय समोर बसलेय धडधाकट! ती तणतणत उठली. बँकेचा दिवस होता. पिशवी उचलून निघाली, आणि लेक मागोमाग.

हॉल नेहमीसारखाच भरलेला. बुटकी आजी कोपऱ्यात बसली होती. बेबीताई बाकावर टेकली आणि कान टवकारून वाट बघू लागली. कसली, ते सांगायला नको. हाका येत होत्या, लोक उठत होते.

"बेबीताई!"

कोणी उठलं नाही.

"बेबीताई! अहो, आहेत का?"

लोक माना वळवून बघू लागले. बेबीताईनेही मान वळवली. कोण बाई आहे ही, झोपलीय की काय, असं मनात म्हणत तिने मागच्या बाकापर्यंत नजर फिरवली.

तेवढ्यात अगदी तिच्या कानाशी आवाज आला.

"आहे."

लेक उठून उभी राहिली होती. खाली बघत होती. आवाज घशातल्या घशात, जसा त्या शाळकरी मुलीचा, जसा त्या बुटक्या आजीचा. ज्यांचं माणूस परत आलं नाही त्या सगळ्यांचा असायचा, तसाच.

बेबीताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याला पुकारलं, आपण इथे बसलोय, आणि आपल्या वतीने आपली पोर उत्तर देतेय! एवढीशी असताना फ्यूज गेला की आईच्या पदराला धरून उभी राहणारी पोर. तिला हुंदका फुटला. "अगं मी आहे," ती म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, जाळीपर्यंत जाईल असं. "मी आहे! बेबी, आहे!"

कॅशियरने मान हलवली. मग सवयीने पुढचं नाव घेतलं.

"शिट्टीवाले!"

पंखा कुरकुरत होता. आजीने वाकडी बोटं मांडीवर घट्ट दाबून धरली. बेबीताईने लेकीकडे पाहिलं. लेक अजून उभीच होती.

"शिट्टीवाले! आहेत?"

"नाहीत," बेबीताई म्हणाली.

त्या हॉलमध्ये हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. कॅशियरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं," तो हळूच म्हणाला. एवढ्या खालच्या आवाजात त्याला बोलता येतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "कागद असेल ना, तो घेऊन या. सावकाश आणा."

मायलेकी बाहेर आल्या. धक्क्यावर ऊन होतं, बोट लागत होती, माणसांची ये-जा चालली होती. दोघी पायऱ्या चढू लागल्या आणि मागे, अगदी खालच्या पायरीवर, शिट्टी वाजली. कुणा खलाशाची असेल. शिट्टी एकेक पायरी वर येऊ लागली. लेक थबकली, तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती वळायला लागली.

बेबीताईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"वळू नकोस," ती म्हणाली. "चल. घरी जाऊन आधी दाराला कडी लावू."