सावळीचे साहेब पिझ्झा खातात

पूर्वपरीक्षा पास झाली म्हणजे माणूस कलेक्टर होत नाही. हे दिल्लीत मुनिरकेतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कुठल्याही मराठी पोराला विचारा, झोपेतसुद्धा सांगेल. अहो, ती नुसती पहिली पायरी. पुढे मुख्य परीक्षा, मग मुलाखत, मग कुठे यादी. पण हे परभणी जिल्ह्यातल्या सावळीला कोण सांगणार? दिनकर मास्तरांनी पेपरात आपल्या पोराचा, धीरजचा, रोल नंबर बघितला, तडक जिंतूर गाठलं आणि पाच किलो पेढे घेऊनच परत आले. संध्याकाळी चौकात बोर्ड लागलासुद्धा, ‘धीरजसाहेबांचे हार्दिक अभिनंदन, समस्त गावकरी’.

धीरज बिचारा समजावून सांगायला म्हणून दिल्लीहून गावी गेला. एसटीतून पाय खाली टेकला नाही तोच हलगी वाजायला लागली. गुलालानं डोळे भरले, उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, आणि आई, शेवंताबाई, दारात ओवाळताना ढसाढसा रडली. अशा वेळी कुणाची टाप आहे खरं बोलायची? त्यानं मनाशी म्हटलं, आता नको. मुख्य परीक्षा पास झालो की सगळं आपोआप खरं होईल.

झालं नाही. मग ‘ट्रेनिंग’ आलं, मग ‘पोस्टिंग दिल्लीतच’ आलं. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, असं करत पाच वर्षं गेली आणि परीक्षेची वयोमर्यादा उलटली. साहेब मुनिरकेत चौथ्या मजल्यावर राहत होते आणि एका क्लाससाठी दुसऱ्या पोरांच्या उत्तरपत्रिका तपासत होते. गावात मात्र अजून त्यांच्या नावानं पोरांना दटावलं जायचं, ‘अभ्यास कर, धीरजसाहेबासारखा हो.’

एवढ्यावर भागलं असतं. पण दूरच्या नात्यातल्या अंबादासना स्थळं जुळवण्याची भारी हौस. त्यांनी सूर्यकांत काकांची मुलगी काढली. काका मूळचे सेलूचे, केंद्र सरकारात अवर सचिव, राहायला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मुलगी शिवांगी गुडगावात नोकरीला. ‘मुलगा अधिकारी, दिल्लीतच, शिवाय आपल्याकडचा, आणखी काय पाहिजे?’ अंबादासनी परस्पर रविवार ठरवला. जागा शिवांगीनं निवडली, गुडगावच्या नव्या मॉलमधलं पिझ्झाचं हॉटेल. इटलीत शिकून आलेला तिथला शेफ म्हणे स्वतः भट्टीपाशी उभा असतो.

बसमध्ये धीरजनं ठरवलं, आज सांगायचं. पाणी आलं की लगेच सांगायचं. सांगितलं तर सावळीत अण्णांना, म्हणजे मास्तरांना, तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नाही सांगितलं तर एका पोरीच्या जन्माचं वाटोळं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

हॉटेलच्या दारात ही गर्दी. वही घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे काकांनी धीरजचं नाव लिहून दिलं. पाऊण तासानं ती दारातून ओरडली, “धीरज साहब! चार लोग!” यादीतून त्याचं नाव पुकारलं गेलं ते आयुष्यात पहिल्यांदा, तेही पिझ्झासाठी. त्याला हसू आलं नाही.

“साहेब, तुम्ही आत सरका,” शिवांगीची आई, प्रमोदिनी काकू, म्हणाल्या. तो बाकावर आत सरकला. डावीकडे भिंत, उजवीकडे काका, समोर काकू आणि शिवांगी, पोटाशी टेबल. आता काका उठल्याशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती.

पाणी आलं. त्यानं घसा साफ केला, “काकू, मला एक...”

“आधी ऑर्डर देऊ या, साहेब,” काकू म्हणाल्या. “शिवांगी, याच्यात कांदा-सिमला मिरचीवाला नाही का गं?”

“आई, इथे शेफ जे ठरवतो तेच मिळतं,” शिवांगी म्हणाली. “आणि प्रत्येकाचा आपापला असतो. शेअर नाही करत.”

थोड्या वेळानं चार अख्खे पिझ्झे आले, न कापलेले, कडा जागोजागी काळ्या पडलेल्या, वर चार हिरवी पानं. काकूंनी उलटसुलट बघून म्हटलं, “जळलाय की हा!” मग सॉस मागितला. वाढणारा कसनुसा झाला आणि आत गेला, तर खुद्द शेफच बाहेर आला. उंच, दाढीवाला, हाताला कोपरापर्यंत पीठ. “मॅडम, सॉस हम नहीं रखते. पहले ऐसे ही खाइए, प्लीज़.” काकूंनी सॉसचा नाद सोडला, पण आपापला खायचा हा नियम काही त्यांनी मानला नाही. सुरी घेऊन स्वतःच्या पिझ्झाचे तुकडे केले आणि निम्मे धीरजच्या ताटलीत टाकले.

“काकू, पुरे. मला खरंच काही सांगायचं...”

“खायच्या वेळी कसलं संकोचणं? अच्छा, हा छोटावाला घ्या. माझी शपथ आहे.”

“आई, बस कर ना यार,” शिवांगी म्हणाली आणि धीरजकडे बघून हसली. चांगलं, मोकळं हसली. ती वाईट असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. चीज घशात अडकत होतं, वरून आग्रह चालूच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते त्या दुपारी त्याला कळलं. काका मात्र एक अक्षर बोलत नव्हते. नोकरीबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्याचीच धीरजला जास्त भीती वाटत होती.

शेफ पुन्हा आला. सॉस दिला नाही म्हणून त्याला रुखरुख लागली असावी. “मॅडम, आइए, आपको भट्टी दिखाता हूँ.” काकू लगेच उठल्या, शिवांगीही मागोमाग गेली.

आता नाही तर कधीच नाही. “काका, मी अधिकारी नाही,” धीरज म्हणाला. “मी कधीच...”

“ठाऊक आहे मला,” काका म्हणाले.

“तुम्हाला कसं?” धीरजनं विचारलं.

“परवा सकाळी तुझ्या वडिलांचा फोन आला होता.” काका एकदम अरे-तुरेवर आले. “दोन वर्षांपूर्वी त्यांनी तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकलं होतं, ते परत आलं. मग परभणीला जाऊन त्यांनी सगळ्या वर्षांच्या याद्या चाळल्या.”

“मग मला का नाही बोलले?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, पेढे मी वाटले, त्यानं नाही वाटले. पोराला खोटं बोलायला मीच लावलं, आता कुठल्या तोंडानं जाब विचारू?” काकांनी चष्मा काढून पुसला. “म्हणाले, स्थळ मोडा, पण बोलावणं मोडू नका. त्याला पोटभर जेवू घाला आणि पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. मला ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नका. शब्द दिला होता मी. पण तू स्वतःहून सांगायला निघालास, मग मला गप्प बसवेना. घरात यांना काहीच माहीत नाही.”

दोन वर्षं अण्णा फोनवर ‘साहेब, कामाचा फार ताण घेऊ नका’ म्हणत होते, ते सगळं माहीत असून! काकू परत आल्या, भट्टीचं कौतुक करत बसल्या, आणि आणखी एक तुकडा वाढला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला. मग फोन करायचा आहे म्हणाला, काका उठले आणि त्यांनी त्याला वाट करून दिली.

मॉलच्या पार्किंगपाशी उभं राहून त्यानं गावी फोन लावला.

“अण्णा, माझं नाव यादीत नाही. कधीच नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे, हे मला कळलंय. आता बास करू या. मी गावी येऊन सगळ्यांना सांगतो.”

मास्तर अगदी दबक्या आवाजात बोलले, “हळू बोल, लेकरा. तुझी माय इथंच बसलीय. तिला काही माहीत नाही.”

“सांगू ना मग तिला.”

“डॉक्टरनं काळजाला जपा म्हणून सांगितलंय. सहन व्हायचं नाही तिला.” आणि लगेच मोठ्यानं, “हो हो साहेब! झालं का जेवण? हे घ्या, तुमच्या आईशी बोला.”

“अण्णा, थांबा...”

पण फोन शेवंताबाईंच्या हातात गेला होता. “बाळा, कशी हाय रे पोरगी?”

धीरजनं डोळे मिटून घेतले. “चांगली आहे, माय. पण पत्रिका जुळत नाही म्हणाले.”

“मग जाऊ दे. तू नको वाईट वाटून घेऊ,” शेवंताबाई म्हणाल्या. “अंबादासभाऊनं आणखी दोन स्थळं आणून ठेवलीत. एक तर जजसाहेबाची पोरगी हाय. ते लोक पुढच्या रविवारी दिल्लीलाच यायलेत.”