उताराचा पत्ता

आबांनी उभ्या आयुष्यात कुणाला रस्त्याचं नाव सांगून पत्ता दिला नसेल. आम्ही जर्मनीत त्सुफेनहाउझेनला राहायला आलो त्या आठवड्यात मी त्यांना औषधांचं दुकान कुठे आहे ते विचारलं. विचारलं म्हणजे गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवली. ते म्हणाले, वर चढत जा, धाप लागली की थांब आणि उजवीकडे बघ, बाकावर एक बाई कुत्र्याला ब्रेड भरवत असेल, तिच्या पाठीमागे दुकान. मला तेव्हा यातला एक शब्द कळला नाही. पण त्यांनी छातीवर हात ठेवून धापा टाकून दाखवल्या आणि जीभ बाहेर काढून कुत्रा करून दाखवला, तेवढं कळलं. मी गेले. धाप लागली. उजवीकडे बाई होती, कुत्रा होता, ब्रेडसुद्धा होता.

गंमत म्हणजे हा माणूस तरुणपणी पोस्टमन होता. सारायेवोत चार वर्षं त्यांनी दारोदार पत्रं वाटली होती. मग जर्मनीत आले, गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीचे हाउसमाइस्टर झाले. म्हणजे जिना, दिवे, कचऱ्याचे डबे, बर्फ, सगळ्याची राखण. बाकीचे लोक त्यांना आडनावाने हाक मारायचे. वडिलांच्या वयाच्या माणसाला आडनावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी आबा म्हणू लागले. वर्षभराने त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. "आल्झो, अस्सं," ते म्हणाले, "म्हणजे बढती झाली म्हणायची. पगार?"

माझं शिक्षण आठवी. आठवीची परीक्षासुद्धा दिली नाही, मध्येच लग्न झालं. आमचे हे मात्र लग्नानंतर शिकत राहिले, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाले आणि थेट इथे आले. मला त्यांचा अभिमान होता आणि धास्तीही होती, की मी यांना कुठेतरी खाली बघायला लावणार. म्हणून मी घरातून निघायचेच नाही. किराणा, भाजी, दवाखाना, सगळं शनिवारी यांच्यामागून. एकटीने जायची माझी हद्द म्हणजे कचऱ्याचे डबे. त्यातही मी एकदा चुकीच्या डब्यात टाकलं. इतर इमारतींत अशा वेळी दारावर चिठ्ठी लागते, सगळ्यांना वाचता येईल अशी. आबांनी चिठ्ठी लावली नाही. कांद्याची सालं डब्यातून काढून हातात धरली, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोमशिनित्सा, हा डबा चुकला. सालींचा तो तपकिरी." कोमशिनित्सा म्हणजे त्यांच्या भाषेत शेजारीण. मी रडवेली झाले. ते म्हणाले, "चूक सांगितली की रडतेस? मग शिकणार कधी?"

आबांचं शिकवणं असं की दर मंगळवारी मला बरोबर घेऊन निघायचे आणि कुठल्याशा अनोळखी रस्त्यावर सोडून परत यायचे. हो, सोडून! "घरी भेटू," म्हणायचे आणि चालू पडायचे. पहिल्या मंगळवारी मी तिथेच उभी राहून पर्समधलं ओळखपत्र तीनदा तपासलं, जणू त्यावर घराचा रस्ता छापलाय. मग त्यांनी सांगितलेलं आठवलं: रस्ता विचारण्याआधी पाव विकत घे. गिऱ्हाइकाला कुणी हाकलत नाही, आणि पाव गुंडाळेपर्यंत तुला वाक्य जुळवायला वेळ मिळतो. माझं जर्मन असं बेकरीतच झालं. त्या वर्षी आम्ही घरी पोळीपेक्षा पाव जास्त खाल्ला. हे म्हणायचे, "आजपण हरवली होतीस का?"

त्यांचं एक वाक्य मी मनात कोरून ठेवलंय. मी विचारलं होतं, तुम्ही रस्त्यांची नावं का सांगत नाही? ते म्हणाले, "मी पोस्टात होतो तेव्हाची नावं आता तिथे नाहीत. लढाई झाली, पाट्या बदलल्या. पण नावं बदलली म्हणून उतार बदलत नाही." मग आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या मागे त्यांचं गाव काढलं. मध्ये नदी, दोन्ही बाजूंना डोंगर. गाव तळहाताएवढं, म्हणाले, गाडी लागत नाही, पाय पुरतात. "हरवलीस तर उताराला लाग. कुठलाही उतार धर, तो नदीशी नेतो. नदीशी आलीस की पाण्याकडे बघ. पाण्याच्या उलट गेलीस तर जुनं गाव, पाण्याबरोबर गेलीस तर नवं."

भिंतीवर आमच्याकडे निळ्या कोटातली तसबीर आहे. आबांनी तिकडे बोट करून विचारलं, हे कोण? मी म्हटलं, यांच्यामुळे माझा नवरा शिकला. त्यांनी तसबिरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फक्त नवरा?"

गेल्या वर्षी कंपनीने यांना चार दिवसांसाठी सारायेवोजवळच्या एका कारखान्यात पाठवलं. हे म्हणाले, तूही चल. आबांचं हृदय तेव्हा थकलं होतं, डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. मी त्यांना सांगितलं तर ते खुर्चीत जरा सरळ बसले. म्हणाले, "माझ्या मोहल्ल्यातून पाव किलो कॉफी आण." त्यांच्याकडेही मोहल्ल्याला जवळजवळ तसंच म्हणतात. "टॅक्सी नाही. फोनवरचा नकाशा नाही. मी सांगतो तसं चालायचं. आणि आल्यावर मला सांगायचं, काय तसं आहे आणि काय नाही." मग डोळे मिटून त्यांनी रस्ता सांगितला: कबुतरांच्या चौकातून वर, पांढऱ्या थडग्यांच्या कडेने, धाप लागेल तिथे ब्रेडवाला, पुढे डाव्या हाताला दगडी नळ, नळाच्या पुढच्या वळणावर कॉफीचं दुकान. मी पाच वेळा म्हणून दाखवलं. आठवीतली कविता मी एवढी पाठ केली नव्हती.

तिथे सकाळी कंपनीची गाडी यांना घेऊन गेली आणि मी हॉटेलच्या दारात उभी राहिले. पर्स तपासली. ओळखपत्र, हॉटेलचं कार्ड, छत्री, पुन्हा ओळखपत्र. नदी समोरच होती, उथळ, घोटाभर पाण्याची, मातकट. पाण्याच्या उलट निघाले. दहा मिनिटांत बाजार लागला, एका गल्लीत तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज येत होता, आमच्याकडे तांबट आळीत येतो तसाच. तो आवाज ऐकून मला उगाचच धीर आला, आणि त्या धीरात मी चुकीच्या गल्लीत शिरले. कबुतरं मागे राहिली. चढत गेले, घरं दाट झाली, एका अंगणात संपलेल्या रस्त्यावर एक बाई चादरी वाळत घालत होती. तिने काहीतरी विचारलं. फोन पर्समध्ये होता, यांना एक फोन केला की झालं. पण मला आबांचं तोंड दिसलं. मी वळले आणि उताराला लागले. जिथे दोन वाटा दिसतील तिथे जास्त उताराची धरली. पायऱ्या, बोळ, आणखी एक बोळ, आणि समोर नदी! मी एकटीच हसले. पाण्याच्या उलट निघाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी कबुतरं सापडली. थडग्यांच्या कडेने जाताना मी पदर डोक्यावर घेतला. एवढी पांढरी, एवढी सारखी, आणि बरीचशी लढाईत गेलेल्या तरुण मुलांची. वर धाप लागली तिथे ब्रेडवाला होता. पाव घेतला. पण पुढे डाव्या हाताला नळ नव्हता. नुसती भिंत. नळ उजव्या हाताला होता, दगडी, जुना. मी ओंजळीने पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पन्नास वर्षं झाली गाव सोडून, लढाईनंतर एकदाच जाऊन आलेला, एवढं चुकणारच. वळणावर कॉफीचं दुकान होतं. दुकानदारीण बाईने कॉफी दळून दिली आणि मला दारात नेऊन खाली सगळं गाव दाखवलं. तळहाताएवढंच होतं. मी त्यात माझी वाट बोटाने काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या गावाकडे वरून बघत होते.

शेवटच्या संध्याकाळी हे लवकर सुटले, म्हणाले चल, तुला गाव दाखवतो. चौथ्या बोळात यांच्या फोनने मान टाकली. "थांब, कुणाला तरी विचारतो," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, फोन ठेवा खिशात. माझ्यामागून या." आले. इंजिनिअर माणूस, माझ्यामागून. नदीशी पोचल्यावर म्हणाले, "तुला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "पोस्टखात्याने."

परत आल्यावर कॉफीचा पुडा घेऊन मी त्याच पावली आबांकडे गेले. त्यांनी पुडा नाकाशी धरला. मग विचारलं, "सांग. सगळं तसंच होतं?"

"तसंच, आबा. तुम्ही सांगितलंत अगदी तसंच."

"ब्रेडवाला?"

"होता की."

"आणि डाव्या हाताला नळ?"

आता आमच्यात वडीलधाऱ्यांची चूक काढत नाहीत. त्यातून आजारी माणूस. मी म्हटलं, "हो आबा. डाव्याच हाताला."

त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. "टॅक्सीने गेलीस," ते म्हणाले. "नळ उजवीकडे आहे. मी त्या नळाखाली वाढलो. डावीकडे तुला मुद्दाम सांगितला, तू चालतेस की नाही ते बघायला."

मी भडाभडा सगळं सांगितलं. चुकीची गल्ली, चादरी वाळत घालणारी बाई, उतार, नदी, पुन्हा चढण, नळाचं पाणी. नळाच्या कडेला दगड कसा झिजलाय, तिथे हंडा टेकवावा असा खळगा पडलाय, तेसुद्धा सांगितलं. खळगा ऐकल्यावर ते निवले. पण हसले नाहीत.

"मग खोटं का बोललीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तेव्हा त्यांनी वारलेल्या बायकोचं सांगितलं. शेवटी शेवटी ती विसरायला लागली होती. मेलेल्या भावाला चहा टाकायची, रविवारला सोमवार म्हणायची. आणि सगळे प्रेमाने हो म्हणायचे. मुलगी हो म्हणायची, नर्स हो म्हणायची, आबाही म्हणायचे. "एक दिवस तिने मला विचारलं, तुम्ही सगळे मला हो का म्हणता? मी इतकी बिघडलेय का? कोमशिनित्सा, तिला कळत होतं. आम्ही तिला त्या होकारात एकटी सोडली." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "माझीही पाळी येईल. मला एक माणूस हवं, नाही म्हणणारं. तू डबा चुकलीस तेव्हा मी तुला सांगितलं की नाही? मग?"

मी कबूल केलं. तोंडाने कबूल करणं सोपं होतं. पण हळूहळू नाही म्हणायची सवय लागली, आणि तिचा त्रास इतरांना झाला. मी आता ज्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते तिथे मुख्य आचारी बाई एका मुलाच्या थाळीत त्याला न चालणारे शेंगदाणे असलेली चटणी वाढत होती. पूर्वीची मी गप्प बसले असते, आपण काय, आठवी. मी म्हटलं, "थांबा, हे चुकतंय." थाळी परत आली. संध्याकाळी आबांना सांगितलं तर त्यांनी जिन्यातल्या दोन शेजाऱ्यांना थांबवून ते ऐकवलं, जणू मला पदवी मिळाली होती.

त्यांची पाळी आली ती या वसंतात. आधी किल्ल्या विसरू लागले, मग एका मंगळवारी मलाच त्यांना औषधांच्या दुकानापासून घरी आणावं लागलं. मी म्हटलं, "आबा, उतार इकडे आहे." ते म्हणाले, "बरोबर." मग हृदयाच्या दुखण्याने उचल खाल्ली आणि हॉस्पिटलात नेलं. तिथेच नवव्या दिवशी ते गेले. पण त्याआधीची एक दुपार सांगायची आहे.

बाड हॉम्बुर्गहून त्यांची मुलगी आली होती, उशाशी बसली होती. आबा डोळे मिटून त्यांच्या गावात चालत होते. पुटपुटत होते, आणि दर पावलाला मुलगी म्हणत होती, हो पापा, हो. चौक झाला. थडगी झाली. ब्रेडवाला झाला. "मग," आबा म्हणाले, "डाव्या हाताला नळ."

"हो पापा."

एवढासा तो म्हातारा जीव, नळ कुठेही असो. पण मी शब्द दिला होता. मी म्हटलं, "नाही आबा. नळ उजव्या हाताला आहे."

मुलीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दोन पावलं मागे सरले. आबांनी डोळे उघडले.

"नक्की?"

"नक्की. मी पाणी प्यायलेय तिथलं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," आबा म्हणाले. आणि मुलीला म्हणाले, "हिला विचारत जा."

ते विसरले होते, की पुन्हा परीक्षा घेत होते, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मी दमलो. आता खाली तू ने."

मी नेलं. नळापासून वळून, ब्रेडवाल्यावरून, थडग्यांच्या कडेने, जिथे दोन वाटा दिसतील तिथे जास्त उताराची धरत, पायऱ्या, बोळ, आणखी एक बोळ. सावकाश, त्यांना धाप लागणार नाही अशा बेताने. मुलगीही ऐकत होती. नदीशी पोचल्यावर मी विचारलं, "आता कुठल्या बाजूला, आबा? जुनं गाव की नवं?"

डोळे मिटलेलेच होते. त्यांनी चादरीवर एक बोट हलवलं. पाण्याच्या उलट.