‘बघू’विरुद्ध वरच्या मजल्यावरचे काका

‘बघू’ या शब्दाविरुद्ध हायकोर्टात गेलेला माणूस जगात एकच झाला असेल आणि तो बोरीवलीला बरोबर आमच्या डोक्यावर राहत असे. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणे. काकांना ‘हो’ चाले, ‘नाही’ चाले, पण ‘बघू’ म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. भेंडी कोवळी आहे का, या प्रश्नावर भाजीवाली “घेऊन बघा ना” म्हणाली, तर पिशवी रिकामीच परत येई. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या गळतीचा विषय पुढे ढकलायचं ठरलं, तेव्हा काका दाराला खुर्ची लावून बसले आणि निर्णय होईपर्यंत त्यांनी सेक्रेटरीला जेवायला सोडलं नाही. माझ्यासाठी मुलगी पाहायला तेही आले होते. मुलीचे वडील म्हणाले, “आठवडाभरात कळवतो.” काका म्हणाले, “आत्ता काय अडचण आहे?” ते स्थळ तिथेच हुकलं. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र मनातून खूश होतो.

या हट्टाचं मूळ म्हणजे काकू. त्यांचं माहेर मूळचं वेंगुर्ल्याचं, पण वडील रंगूनला नोकरीला, त्यामुळे जन्म तिथला आणि पासपोर्टही तिथलाच. लग्नानंतर काकांनी त्यांच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. तो दिल्लीला गेला आणि लोणच्यासारखा मुरत पडला. लेक शाळेतून कॉलेजात गेली तरी उत्तर एकच, “विचाराधीन आहे.” तोवर काकूंना दरवर्षी पोलिसांच्या परदेशी शाखेत जाऊन इथे राहायची मुदत वाढवून आणावी लागे. तिथल्या हवालदाराने त्यांची बोली ऐकून एकदा कौतुकाने विचारलं, “वयनी, तुमी खंयच्या?” काकू म्हणाल्या, “वेंगुर्ल्याच्या. पण कागदार रंगूनच्या.” दरवर्षी मुदत वाढवायला जायच्या दिवशी काकू लग्नातला शालू नेसत, काका कोट चढवत. दोघं परतली की माझी आई त्यांच्या उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवी. काकू उखाणा घेऊन ते उजव्या पायाने लवंडत आणि वर्षभरासाठी पुन्हा सून होऊन घरात येत. आम्ही हसायचो, त्याही हसत. एकदाच त्या आईला म्हणाल्या, “एखाद्या वरसाक त्यांनी नाय म्हटल्यानी तर मी खंय जाव गे? रंगूनात माजा कोण आसा?”

ते काकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी रिट दाखल केलं. वकिलाने आधीच बजावलं होतं, “कोर्ट सरकारला उत्तर द्यायला सांगेल. ‘हो’ म्हणा, असं नाही सांगणार. ‘नाही’ आलं तर पुढची मुदतवाढही अवघड होईल.” काका म्हणाले, “उत्तर येऊ दे.” सुनावणीला सरकारी वकील “विचाराधीन आहे” म्हणाले, तसे काका मागच्या बाकावरून उठले. “साहेब, म्हणजे बघूच ना?” न्यायमूर्तींनी त्यांना खाली बसवलं, पण सरकारला मुदत घालून दिली.

दिल्लीचं पाकीट आलं तेव्हा मी वरच होतो. काकांनी ते देवापुढे ठेवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “उद्या बघू.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग कणकेचे हात पुसून त्यांनीच पाकीट फोडलं आणि कागद माझ्या हातात दिला. “वाच रे बाबा, ह्यांच्यान जमाचा नाय.” मी वाचलं. उत्तर ‘हो’ होतं. काका जमिनीवरच बसले.

शपथ घेऊन, दाखला घेऊन दोघं परतली तेव्हा आईने सवयीने माप मांडलं होतं. काकू ते चुकवून सरळ आत गेल्या आणि वळून उभ्या राहिल्या. “आता तुमी येवा. घर माजा आसा. येतास काय नाय, ता सांगा.” सगळ्या जगाला हो की नाही विचारणाऱ्या त्या माणसाला ‘हो’सुद्धा म्हणता येईना. त्यांनी नुसतं काकूंचं नाव घेतलं आणि घाईत डावाच पाय पुढे टाकला. तांदूळ पार स्वयंपाकघरापर्यंत उडाले.

आता दोघंही नाहीत. ते माप माझ्याकडे आहे. घर आवरताना बायको विचारते, “हे टाकू का?” मी “बघू” म्हणतो आणि मनातल्या मनात काकांची माफी मागतो.