गुरुजींच्या उपरण्याचे सूप

केळझरचे नानाजी बांबूची सुपे विणून विकत आणि त्यांची बायको जिजाबाई गावातली जुनी सुपे दुरुस्त करीत. एकाच छपराखाली हे दोन उद्योग एकमेकांच्या मुळावर उठले होते, याबद्दल गावात दुमत नाही. "तुह्यापायी माह्यं सूप कोणी घेऊन नाई राह्यलं," असे नानाजी चारचौघांत म्हणत. जिजाबाई उत्तरादाखल त्यांच्याच एखाद्या सुपाची उसवलेली कड पुढे धरीत.

जिजाबाईंची रीत साधी होती. चिंचोके भाजून, सोलून, वाटून त्यांची खळ शिजवायची. जुन्या लुगड्या-धोतरांच्या पट्ट्या तिच्यात बुडवून सुपाच्या फटींवर बसवायच्या आणि कडक उन्हात वाळवायचे. असे सूप नव्यापेक्षा अधिक टिके म्हणतात. त्याला पुरावा नाही. नेम मात्र पक्का होता: कापड अंगावर झिजलेलेच हवे. कोरे कापड फाडणे त्यांना ताटातले अन्न सांडण्यासारखे वाटे.

१९५४च्या उन्हाळ्यात गावातले शिक्षक दत्तोपंत यांच्या शरयूचे लग्न ठरले. कन्यादानाच्या वेळी खांद्यावर घेण्यासाठी दत्तोपंतांनी स्वतः टकळीवर सूत कातून एक उपरणे विणून घेतले होते. त्यांचा धागा कुठे दोरीसारखा, तर कुठे दिसेनासा. विणकराने हात जोडूनच काम पुरे केले असे म्हणतात. त्यांच्या पत्नी मीराबाईंनी ते उपरणे पडवीत उन्हाला टाकले. शेजारीच चिंध्यांचे गाठोडे होते. घरातले सूप लग्नाआधी नीट करायचे म्हणून जिजाबाई ते न्यायला आल्या, तेव्हा मीराबाईंनी स्वयंपाकघरातूनच पडवीतल्या चिंध्याही न्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत शोध घेत नानाजींच्या अंगणात पोचले. उपरणे सुपावर पट्ट्या-पट्ट्यांनी चिकटून वाळत होते.

चूक जिजाबाईंच्या ध्यानात आली. आयुष्यात फाडलेले हे त्यांचे पहिले कोरे कापड.

"गुरुजी, हात लावून पाह्यलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, दोन पिढ्या वापरलं असन."

दत्तोपंतांना रागवायचे होते. पण आपल्या सुताबद्दल इतके स्पष्ट मत त्यांनी प्रथमच ऐकले होते. शेजारी नानाजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आता सूपच खांद्यावर घ्या, गुरुजी."

दत्तोपंत हसले, तरी हळहळतच घरी गेले. लग्नात त्या सुताचा एक तरी धागा असावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती नेमकी ओळखली शरयूने.

"बाबा, होमाच्या लाह्या सुपातूनच देतात ना?" ती म्हणाली. "मग याच सुपातून द्या."

सुपावर शेवटी कागदाच्या लगद्याचा लेप द्यायची जिजाबाईंची पद्धत होती. दत्तोपंतांनी तो देऊ दिला नाही. सूत दिसायला हवे होते. लग्नात भावाने त्या सुपातून शरयूच्या ओंजळीत लाह्या घातल्या. जुने उपरणे घेतलेले दत्तोपंत वऱ्हाड्यांना होमापेक्षा सूपच अधिक दाखवीत होते. जिजाबाई मात्र मांडवाच्या टोकाला मान खाली घालून बसल्या होत्या.

सूप शरयूबरोबर सासरी गेले. पुढे कधीतरी माहेरपणाला येताना तिने ते परत आणले. पाखडून-पाखडून पट्ट्या मऊ पडल्या होत्या, एक कोपरा फाटला होता. जिजाबाईंनी कापडावरून बोट फिरवले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता झालं हे जुनं," त्या म्हणाल्या, आणि खळ शिजवायला उठल्या.