काळ्या कागदातली प्रज्ञा

गजभियेकाकू मुलाची हनुवटी दोन बोटांत धरून त्याला स्टुलावर आडवं बसवायच्या आणि म्हणायच्या, "डोये मिटले तरी चालते. सावलीले डोये नसतेत." मुलाच्या एका बाजूला टेबललॅम्प असे, दुसऱ्या बाजूला भिंतीवर टाचलेला पांढरा कागद. कागदावर पडलेल्या सावलीच्या कडेने त्या पेन्सिल फिरवत. मग तो आकार काळ्या कागदावर ठेवून कात्रीने कापत. काळा कागद एक्स-रे फिल्मच्या पाकिटातला असे. दवाखान्यात नोकरीला असलेले एक शेजारी तो आणून देत.

भिलाईच्या सेक्टरमध्ये आमची क्वार्टर्स एकमेकांना लागून होती. काका स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते. ते भंडाऱ्याकडचे, आम्ही वर्ध्याचे. छत्तीसगड राज्य व्हायला तेव्हा बराच अवकाश होता. आमच्या ओळीत कॅमेरा कोणाकडे नव्हता. फोटोसाठी पावर हाउस भागातल्या स्टुडिओत जावं लागे, आणि पावर हाउसला गेलेला माणूस बाजारातच अडकून पडे. म्हणून मूल शाळेत जाऊ लागलं की त्याची आई त्याला काकूंकडे आणून बसवी.

काकू तोंडाने फटकळ होत्या. हिंदी बोलणारी मुलं कापलेला कागद पाहून तक्रार करत, की आंटी, मेरी नाक ऐसी नहीं है. काकू म्हणत, "अशीच आहे. बापाची आहे, त्याले जाऊन विचार." कागदावर नाव मात्र त्या कधी घालत नसत. कोणी आग्रह केला तर उत्तर ठरलेलं होतं. "नाव लिवलं का मंग चेहरा कोनी पाहत नाई."

त्यांची मुलगी प्रज्ञा माझ्याच वयाची होती. आम्ही दोघी सहा वर्षांच्या असताना एका रविवारी संध्याकाळी काकूंनी आमच्या सावल्या एकामागून एक उतरवल्या. दोघींच्याही दोन वेण्या होत्या आणि दोघींच्या वेण्या काकूंनीच घातल्या होत्या. कापून झालेले दोन्ही कागद खाटेवर शेजारी शेजारी ठेवले होते. त्यातला एक माझी आई घरी घेऊन आली आणि लोखंडी कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवला. पावसाळ्यात प्रज्ञाला ताप आला. तो मेंदूत गेला, आणि चौथ्या दिवशी ती गेली. ती पाळण्यात असतानाचा एक फोटो घरात होता. त्यानंतरचं तिचं असं काही राहिलं असेल तर तो काळा कागद. काकूंनी तो फ्रेम करून बुद्धाच्या मूर्तीशेजारी लावला.

काकूंनी कात्री खाली ठेवली नाही. लोकांना वाटलं होतं, आता त्या हे काम सोडतील. त्या उलट मुलांना स्वतः बोलावू लागल्या. सावली उतरवताना त्या कधी मधेच थांबत, फ्रेमकडे पाहत, पुन्हा कागदाकडे पाहत. सकाळी चहा ठेवण्याआधी फ्रेमशी दोन शब्द बोलत. काय बोलत ते ऐकू येत नसे. प्रज्ञा गेल्यानंतर दोन वर्षांनी झालेला सिद्धार्थ ते पाहत मोठा झाला. बहीण म्हणजे काय, हे त्याला त्या फ्रेमवरूनच माहीत होतं.

काका निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं. त्यांनी भिलाईला लागूनच कुरुदला घर बांधलं. पुढे काका गेले, सिद्धार्थ नोकरीसाठी रायपूरला राहू लागला. मी नागपूरला होते. मोबाइल घरोघर आले तरी कुरुदमधल्या आया मुलांना घेऊन काकूंकडे येत राहिल्या.

माझी मुलगी मैत्री सहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला काकूंकडे घेऊन गेले. काकूंची नजर अधू झाली होती, पण पेन्सिल धरलेला हात कापत नव्हता. मैत्री सारखी हलत होती. काकू म्हणाल्या, "हालू नको बाई, सावली कापल्या जाते." मैत्री हसली आणि गप्प बसली. कागद कापून झाल्यावर काकूंनी तो खिडकीशी धरला. बराच वेळ पाहिला. मग उठल्या, भिंतीवरची फ्रेम काढली आणि नवा कागद तिच्या काचेवर ठेवला.

कपाळ जुळलं. वरचा ओठ, जरा पुढे आलेला, तोही जुळला. हनुवटीखालचा भाग जुळला. मैत्री माझ्यासारखी दिसते, हे आमच्याकडे सगळेच म्हणतात.

"वंदे, जराशी तिकडं पाह्य," काकू म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. नंतर त्यांनी मैत्रीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवला, तिच्या हातात दिला, तिला मुरमुऱ्याचा लाडू दिला. आम्ही निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "तुह्यावाली सावली कुठी आहे?"

आईचं कपाट माझ्या भावाकडे होतं. तो भिलाईतच, हथखोजच्या एका कारखान्यात कामाला आहे. दुसऱ्या दिवशी त्याने ओल्या फडक्याने खळ भिजवून, ब्लेडने कागद सोडवला. वेणीचं टोक तेवढं दारालाच राहिलं.

मी नेऊन दिलेला तो कागद काकूंनी मांडीवर घेतला. मला वाटलं होतं त्या रडतील. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, कागद जवळ नेला, लांब नेला.

"इचं नाक माह्या ध्यानातच नाई," त्या म्हणाल्या. "रस्त्यात भेटली असती तं मी बाजूनं निघून गेली असती."

मी म्हटलं, काकू, फ्रेममधला माझा कागद मी घेऊन जाते. हा फ्रेममध्ये लावू. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ते नेऊ नको. एवढे वर्सं मी इच्याशीच बोलली. आता इले कावून घराबाहेर काढू?"

काही महिन्यांनी पुन्हा जाणं झालं. फ्रेम मूर्तीशेजारी होती. प्रज्ञाचा कागद स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेला होता, खाली, सहा वर्षांच्या मुलीचं डोकं जिथे येईल तिथे. तिच्याशी बोलता का, असं मी विचारलं. काकूंनी गॅस बारीक केला.

"अजून नाई. पाहून राहिली. ओळख होऊन राहिली आता."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. सकाळी शेजारणीने दार वाजवलं तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराशी, पाट घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. अंग गार पडलं होतं.

काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी सिद्धार्थचा फोन आला. आईच्या फोटोशेजारी प्रज्ञाची फ्रेम ठेवायची, तू वेळेत ये, असं तो म्हणाला. मी सांगितलं, प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "दीदी, वो तो किसी पड़ोस की बच्ची का है. आमची प्रज्ञादीदी सामनेवाल्या खोलीत आहे. मी तिलेच पाहून मोठा झालो." काकूंनी त्याला काही सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, दोन्ही कागदांबद्दल, कपाटाबद्दल. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ये तू, आपण बोलू.

मी पोचले तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. टेबलावर काकूंचा फोटो होता, त्याशेजारी माझा चेहरा, दोघींना एकच हार. स्वयंपाकघरातून चहा घेऊन बायका ये-जा करत होत्या, आणि दारातून जाताना त्यांचे पदर प्रज्ञाच्या कपाळाला लागत होते. सिद्धार्थने मला पुढे बोलावून हातात फुलं दिली. मी ती वाहिली.