भाचीचा साखरपुडा आणि गाडीचा युरिया

आमच्या ह्यांचं परभणीच्या मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूला काय कमी पडलंय, हे त्यांना लांबून नुसतं बघून कळतं. कापूस पिवळा पडला, युरिया द्या. ऊस खुंटला, युरिया द्या. मी शाळेत भूगोल शिकवते; माझी बढती खुंटली तेव्हा त्यांनी काही सुचवलं नाही, हे त्यांचे उपकारच.

नव्या गाडीआधी आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. तिने काय सोसलं नाही ते विचारा. ट्रॅक्टरचं उरलेलं तेल तिच्या पोटात गेलं, कॅनमधलं गढूळ डिझेल गेलं, आणि एकदा तर गाळणी म्हणून माझ्या जुन्या परकराचं फडकं लागलं. ती खोकायची, काळा धूर सोडायची, पण निघायची. त्यावरून इंजिन म्हणजे सासरी आलेली सून, मिळेल ते खाऊन मुकाट राबणारी, असं ह्यांचं पक्कं मत झालं. सुनांबद्दलचं त्यांचं ज्ञानही तेवढंच आहे, पण ते असो.

मग टर्बो डिझेल गाडी आली. गाडी ताब्यात घेताना हे पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली छातीशी धरून फोटो काढून घेण्यात गुंतले होते. मला फोटोत कुणी बोलावलं नाही, म्हणून शोरूममधल्या टाय लावलेल्या माणसाने गाडीची सगळी माहिती मला सांगितली. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक लहानसं चाक फिरवतो, ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, म्हणून एवढंसं इंजिन एवढी मोठी गाडी ओढतं. ते चाक इतक्या वेगाने फिरतं की त्याचा जीव तेलाच्या पातळ थरावर टिकून असतो. लांबून आलात की लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट नुसती चालू ठेवा. तेल ह्याच जातीचं घाला. डिझेल चांगल्या पंपावरचंच भरा, कारण ते आत फवारणाऱ्या तोट्यांची भोकं केसाहून बारीक असतात. "आणि ह्या निळ्या झाकणाच्या टाकीत वेगळं पाणी लागतं, मॅडम. ते धुरात फवारलं की विषारी वायू मोडतात. युरिया असतो त्यात."

हे फोटो उरकून तेवढ्यात आले होते. सगळ्या भाषणातला त्यांच्या कानावर पडलेला हा एकच शब्द.

"युरिया?" ते म्हणाले. परमुलखात गाववाला भेटावा तसा चेहरा खुलला.

काही महिन्यांनी त्या पाण्याचा दिवा लागला. मी म्हटलं, "अहो, पंपावर त्याचा डबा मिळतो, तो आणा."

"डबा कामून आणू? माझ्या दुकानात युरियाची थप्पी लागलीय अन् मी दुसऱ्याकडं युरिया मागायला जाऊ? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हा विचार त्यांना नेहमी चुकीच्या ठिकाणी सुचतो. त्यांनी बादलीत जारचं शुद्ध पाणी ओतलं, त्यात पोत्यातला युरिया ढवळला, माझ्या पांढऱ्या सुती साडीतून तो वस्त्रगाळ केला आणि नरसाळ्याने टाकीत सोडला. मी एवढंच म्हटलं की शेतातल्या युरियाला निंबोळीचं तेल चोळलेलं असतं. "मग तर चांगलंच हाय," ते म्हणाले, "कीड लागणार न्हाई."

दिवा विझला. मोंढ्यात हे शास्त्रज्ञ म्हणून फिरू लागले. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला चहा पाजून ते कृती सांगायचे, आणि गाडीवाले चहा पिऊन निघून जायचे. कुणीही ती कृती करून पाहिली नाही, ह्यावरून आमच्या जिल्ह्यात शहाण्या माणसांची कमतरता नाही हे कळतं.

ह्याच सुमारास माझ्या नणंदेने गंगाखेडहून फोन करून सांगितलं की लेकीचं ठरलं. विचारलं नाही, सांगितलं. मामा म्हणून मुलगा बघायला बोलावणं नाही, एका शब्दाने सल्ला नाही. धाकट्या बहिणीने असं केलेलं ह्यांना किती लागलं, ते त्यांच्या जेवणावरून समजलं. "आपल्याला काय," ते म्हणाले, "आपण मामा. बोलावलं की जायचं, आहेर करायचा, यायचं." आणि आवडती वांग्याची भाजी तशीच ठेवून उठले.

साखरपुड्याच्या आठवड्यात गाडीने पुन्हा तोंड उघडलं. ह्या वेळी नुसता दिवा नव्हता; पडद्यावर इंग्रजीत सूचना होती की टाकीतलं पाणी बरोबर नाही, आता इतके किलोमीटर झाले की इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. आकडा रोज कमी होत होता.

"धमकी द्यायलीय गाडी," हे म्हणाले.

मी म्हटलं, "वर्कशॉपला दाखवा." पण वर्कशॉपला दाखवायचं म्हणजे टाकीत काय ओतलंय ते सांगायचं. "साखरपुडा होऊ द्या, मग बघू." मी म्हटलं, "मग एसटीने जाऊ." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अनवाणी चालत जायला सांगितलं होतं. नवी गाडी बहिणीच्या दारात पहिल्यांदा उभी राहणार होती. नाराज मामाला तेवढा तरी रुबाब हवा होता.

शिवाय त्यांनी एक शोध लावला होता. "गाडी काय म्हणायलीय? पुन्हा सुरू होणार न्हाई. चालू असलेली बंद पडेल असं कुठं म्हणायलीय? मग बंदच करायची न्हाई!"

हा त्यांचा एकमेव तांत्रिक निष्कर्ष, जो बरोबर निघाला.

पोखर्णीच्या अलीकडेच आकडा शून्यावर आला. एरवी आम्ही तिथल्या नरसिंहाच्या दर्शनाला थांबल्याशिवाय पुढे जात नाही. त्या दिवशी ह्यांनी इंजिन चालू ठेवून, स्टेअरिंगवरूनच हात जोडले आणि देवाला मोठ्याने सांगितलं, "देवा, समजून घे." देवाने घेतलं असावं. गाडी गंगाखेडला पोचली.

नणंदेच्या घरापुढे मांडव होता. मी साडीचोळीचं ताट घेऊन उतरले. हे उतरेनात. इंजिन चालू ठेवून, किल्ली खिशात घालून माणूस लांब गेला की ही नवी गाडी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी कोकलते. किल्ली आत ठेवून जावं, तर दारात पोराटोरांची झुंबड. म्हणून हे एसी लावून, काचा वर करून, समोर बघत बसले.

मी आत गेले. नणंदेने विचारलं, "दादा कुठंय?"

"गाडीत आहेत."

"गाडीत? कामून?"

मी खरं सांगणार होते. पण निघताना ह्यांनी मला मुलांची शपथ घातली होती. मी म्हटलं, "बसलेत."

एवढं पुरलं. मराठवाड्यात साखरपुड्याच्या दारात मामा गाडीत नुसता बसलाय म्हणजे काय, हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. मांडवात कुजबुज झाली: मामा रुसले.

पहिल्यांदा नणंदेचे यजमान गेले. काच खाली झाली. "पाव्हणं, चला की आत."

"होऊ द्या तुमचं," हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार? गाडी बंद करता येत नाही, कारण मी तिला खत घातलंय?

मग चहा गेला. तो त्यांनी गाडीत घेतला. मग सरबत गेलं, तेही घेतलं. फेटा बांधणारा गेला आणि ह्यांनी खिडकीतून बाहेर काढलेल्या डोक्याला फेटा बांधून परत आला. मुलाकडचे दोन ज्येष्ठ गेले, हात जोडून म्हणाले, "आमच्याकडून काही चुकलं का?" हे म्हणाले, "तुमचं काही न्हाई." झालं! म्हणजे कुणाचं तरी आहे. मांडवात सगळ्यांच्या नजरा नणंदेकडे वळल्या. बोनेटखालून एकसारखी घरघर येत होती आणि प्रत्येकाला ती मामांच्या रागाची वाटत होती.

इतक्या वेळाने पडद्यावर आणखी एक नारिंगी दिवा लागला. तो कशाचा हे ह्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या डोक्यावर तुरेदार फेटा असल्यामुळे विचारायला जाताही येत नव्हतं.

शेवटी नणंद स्वतः गेली. मी तिच्या मागे होते. ती खिडकीशी उभी राहिली आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली.

"दादा, माझं चुकलं. तुमाला आधी विचारायला पायजे होतं. पण तुमी म्हणला असता, अजून शिकू द्या पोरीला. अन् मग माझ्यानं पुढं जाणं झालं नसतं. म्हणून न्हाई विचारलं."

ह्यांनी काच पूर्ण खाली घेतली. मग हळू म्हणाले, "म्हणलो असतो. पण विचारायला तर पायजे होतं की गं. मी काय नुसता आहेराचा मामा हाय का?"

त्यांचे डोळे भरले होते. मला माझ्याच नवऱ्याची दया आली. रुसायला आलेला नव्हता, पण रुसवा आत होताच. टाकीतल्या चुकीच्या पाण्याने तो बाहेर आला.

"उतरा आता," नणंद म्हणाली. "अन् बंद करा ती घरघर."

"थांब, थांब, त्याला हात..."

तिने खिडकीतून हात घातला आणि बटण दाबलं. अर्धा मिनिट थांबणं वगैरे काही नाही. सगळं शांत झालं. मांडवात लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फेटा सावरून उतरले.

साखरपुडा चांगला झाला. मुलाची टिळा-टोपी ह्यांच्या हातून झाली. भाचीने वाकून नमस्कार केला तेव्हा ह्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "शिक्षण सोडू नको." मुलाकडच्यांनी मान डोलावली. सगळ्या मांडवाने मनधरणी करून उतरवलेल्या मामाला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

जेवणं झाली. आम्ही गाडीत बसलो. ह्यांनी बटण दाबलं. गाडीने वचन पाळलं.

"राहतो मी आज," हे खाली उतरून बहिणीला म्हणाले. "लय दिवसांनी आलोय."

तिला इतका आनंद झाला की ती पुन्हा रडली.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून वर्कशॉपला गेली. तिथल्या माणसाने टाकी उघडली. नळीत पांढऱ्या खड्यांचा थर होता, फवारणारी तोटी बुजली होती. "ह्यात काय घातलं होतं?" त्याने विचारलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी म्हटलं, "शपथ आहे." त्याने पुढे विचारलं नाही, बहुतेक आम्ही पहिले नव्हतो. नारिंगी दिवा काजळी अडवणाऱ्या जाळीचा होता. गाडी एकाच जागी तासन्‌तास घरघरत ठेवली की ती जाळी तुंबते, आणि मोकळ्या रस्त्यावर चांगली पळवली की आत तापून काजळी जळून जाते. त्याने तोटी बदलली, जाळी साफ केली आणि ह्यांना सांगितलं की अधूनमधून लांब चक्कर मारत जा. हे महिन्यातून एकदा देवगाव फाट्यापर्यंत जाऊन येतात. निळ्या झाकणात आता पंपावरचा डबाच जातो. मोंढ्यात ते म्हणतात की त्यांचीच कृती होती, कंपनीने उचलली.

नणंदेला मी अजून काही सांगितलेलं नाही. दादाला न विचारता काही करायचं नाही, हे तिने इतकं मनावर घेतलंय की रोज फोन येतो. मांडव कुठला घ्यावा, आचारी कोण सांगावा, पत्रिकेवर गणपती उजव्या सोंडेचा की डाव्या. काल ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तिला म्हणावं, तूच ठरव की काहीतरी."

मी फोन घेतला आणि म्हटलं, "वन्सं, दादा म्हणतात, डाव्या सोंडेचा."